मानेचा नट

साडूच्या घरी जेवायला जाताना माणसानं मान घरी काढून ठेवावी आणि नुसतं तोंड घेऊन जावं. हे शहाणपण स्प्रिंगभाऊंना जेवण झाल्यावर सुचलं, आणि तोवर मानेनं घालायचा तो घोळ घातला होता.

साडू, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, आपल्या वहिनींच्या, थोरल्या बहिणीचा नवरा, बॅटऱ्यांचा मोठा डीलर. त्याच्या घरात दिवे जात नाहीत आणि त्याचं तोंड कधी डिस्चार्ज होत नाही. त्या दिवशी टॉवेलला हात पुसता पुसता तो म्हणाला, "स्प्रिंग्या, बास झालं आता ते कुत्र्यांचं खूळ. एक तारखेपासून माझ्या काउंटरवर येऊन बस. डोक्यावर पंखा, बुडाखाली खुर्ची. आणखी काय लागतं माणसाला?"

आता, भाऊंच्या डोक्यात 'नाही' होतं. चांगलं ठळक अक्षरात होतं. पण डोकं आणि जग यांच्या मध्ये मान असते, आणि भाऊंची मान जन्मापासून एकाच रस्त्यानं धावायची, वरून खाली आणि खालून वर. ती हलली. दोनदा हलली, म्हणजे चुकून हलली असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

भाऊंचा धंदाही मानेचाच. गाडीत पुढच्या काचेजवळ बसून मान डोलावणारा कुत्रा असतो ना, तो ते बनवायचे. जिन्याखालच्या खोलीत. आत कुत्रे बसले की भाऊ उभे राहायचे, भाऊ बसले की काही कुत्रे बाहेर ठेवावे लागायचे. प्रत्येक कुत्र्याच्या मानेत एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या बुडाशी एक पट्टी आणि पट्टीवर एक नट. तो नट आवळायचं काम वहिनींचं. एक वेळ त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण दहाचा पाना असायचाच. नट घट्ट असला, की कुत्रा मान वरखाली करून सगळ्या जगाला 'हो' म्हणतो. नट ढिला पडला, की पट्टी फिरते, मान आडवी हलते आणि कुत्रा सगळ्या जगाला 'नाही' म्हणत सुटतो. असे नग दुकानदार लगेच परत पाठवायचे. गिऱ्हाइकाच्या गाडीत मागच्या सीटवर आधीच सासरे बसलेले असतात, त्यात पुढे आणखी एक नाही म्हणणारा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

परत आलेला असाच एक कुत्रा वहिनींनी फ्रिजवर ठेवला होता. "घरात एक तरी नाही म्हणणारा पाहिजे," असं त्या म्हणायच्या आणि भाऊंकडे बघायच्या.

साडूकडून परत येताना स्कूटरवर मागे बसून वहिनींनी सांगितलं, की काउंटरवर बसायचं नाही. भाऊंनी मान डोलावली. अशा तऱ्हेनं एकाच संध्याकाळी भाऊ काउंटरवर बसायलाही कबूल झाले आणि न बसायलाही. घरी पोचल्या पोचल्या वहिनींनी ताईला, म्हणजे साडूच्या बायकोला, फोन लावून सांगितलं. बॅटरीवाले भावोजी ज्या मोठ्या प्रदर्शनात दरवर्षी मिरवतात, त्याच प्रदर्शनात यंदा आमचाही स्टॉल असेल. तिथं आम्हाला एक मोठी ऑर्डर आली तर कारखाना राहील. नाही आली तर एक तारखेला हे स्वतः येऊन तुमच्या काउंटरवरचा पंखा पुसतील. ताई बरं म्हणाली. भाऊंना कोणी विचारलं नाही, कारण ते काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

हे प्रदर्शन म्हणजे काय, तर गाडी शोरूमबाहेर पडली की पुढे तिचे लाड, तिची दुखणी आणि तिची म्हातारपणं ज्यांच्या गळ्यात पडतात, त्या सगळ्यांची जत्रा. तेलवाले, टायरवाले, आरसेवाले, सीटकव्हरवाले, हॉर्नवाले. सोबत भाषणांचे कार्यक्रम. म्हणजे बाहेर माल विकायचा आणि आत जाऊन 'मालाचं भवितव्य' या विषयावर झोपायचं.

भाऊ स्टॉल नोंदवायला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, की अॅक्सेसरीजचा हॉल भरला. भाऊ मान डोलावून परत फिरले. बाहेर उभ्या असलेल्या वहिनींनी त्यांना खांद्याला धरून पुन्हा खिडकीकडे वळवलं.

"तुमचा माल करतो काय?" कारकुनानं विचारलं.

"मान हलवतो."

"कशानं?"

"स्प्रिंगनं."

"मग आधी सांगायचं ना. स्प्रिंग म्हणजे सस्पेन्शन." त्यानं धाडकन शिक्का मारला. "हॉल तीन. ट्रकचे पाटे आणि शॉकअप यांच्यामध्ये."

भाऊंना सांगायचं होतं, की साहेब, हा कुत्रा आहे, ट्रक याच्यावर उभा नाही राहायचा. पण मान तोवर हो म्हणून मोकळी झाली होती.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. सल्ल्याचं एक बरं असतं, देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याकडे काही येत नाही. सगळ्यात आधी आले लायसनकाका. ते वाहन परवान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावल्यामुळे त्यांचं बोलणंही आठाच्या आकड्यात फिरायचं, आणि जिथून निघालं तिथंच येऊन थांबायचं. त्यांचं म्हणणं, की ट्रकच्या पाट्यांशेजारी वीतभर कुत्रा कोणाला दिसणार? कुत्रा मोठा पाहिजे. माणसाएवढा. कारण माणसाएवढा असला की माणसाला दिसतो. म्हणून मोठा पाहिजे.

भाऊंनी मान डोलावली आणि माणसाएवढा कुत्रा गळ्यात पडला.

तो करायला घेतला नंबर प्लेट रंगवणाऱ्या पेंटरनं. फायबरचं काम त्यानं चांगलं केलं. बसलेला, तपकिरी, छाती पुढे काढलेला कुत्रा. चेहरा मात्र का कोण जाणे वहिनींच्या वडलांवर गेला. मोठाल्या भुवया, आणि तोंडावर 'मी सगळं समजून चुकलोय' असा भाव. एवढं करून झाल्यावर पेंटरला चैन पडेना. रंगवून झालेल्या वस्तूवर नंबर नाही म्हणजे त्याला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटायचं. त्यानं कुत्र्याच्या गळपट्ट्यावर सुबक अक्षरात एक नंबर टाकून दिला. कोणत्या गाडीचा, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मानेसाठी भंगारातून ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग आणली. वहिनींनी नट आवळला. भाऊंनी कुत्र्याला हळूच टिचकी मारली आणि कुत्रा 'हो' म्हणायला लागला. अर्ध्या तासानं लायसनकाका पुन्हा आले तेव्हाही तो हो म्हणतच होता. काकांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी त्याला आणखी चार सल्ले दिले.

मग लक्षात आलं, की कुत्रा जिन्याखालच्या खोलीच्या दारातून बाहेर निघत नाही. गल्लीतला प्रत्येक पुरुष येऊन दाराची चौकट हातानं मोजून गेला, जणू आपण मोजल्यावर ती रुंद होईल. शेवटी डोकं काढलं. धड टेम्पोत गेलं, पण टेम्पोवाला म्हणाला, डोकं नेणार नाही, ते सारखं आरशातून माझ्याकडे बघतंय. तेव्हा भाऊंनी स्कूटर काढली, वहिनी मागे बसल्या आणि दोघांच्या मध्ये डोकं.

चौकात हवालदारानं हात केला.

"तिघं?"

"दोघं," वहिनी म्हणाल्या. "हे नुसतं डोकं आहे."

"आम्ही डोकीच मोजतो," हवालदार म्हणाला. मग त्यानं वाकून गळपट्टा वाचला. "गाडीचा नंबर एक आणि याचा वेगळा. चोरीचा आहे का हा? चूक मान्य आहे?"

भाऊंची मान वरखाली झाली. मधे दाबलेलं कुत्र्याचं डोकंही वरखाली झालं. दोन आरोपींनी एकदम कबुली दिल्यावर वहिनींचं कोण ऐकतो? दंड भरून झाला.

प्रदर्शनाच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, प्राण्यांना मनाई आहे. वहिनींनी कुत्र्याच्या डोक्यावर टकटक वाजवून दाखवलं. पहारेकरी म्हणाला, ते ठीक आहे, पण नियमात 'जिवंत' असा शब्द नाही, नुसतं 'प्राणी' आहे. अखेर त्यानं वर साहेबांना फोन लावला, आणि साहेबांनी तोड काढली, की डोकं आणि धड वेगळे असेपर्यंत तो प्राणी नाही, सुटे भाग आहेत. आणि प्रदर्शन सुट्या भागांचंच आहे.

हॉल तीनमध्ये एका बाजूला ट्रकचं ओझं पेलणारे पोलादी पाटे रचलेले, दुसऱ्या बाजूला शॉकअपची फौज, आणि समोर धक्के देऊन शॉकअप तपासायचं एक भलंमोठं यंत्र. ते सुरू झालं की अख्ख्या हॉलची जमीन थरथरायची. भाऊंच्या टेबलावर मांडलेले झाडून सगळे कुत्रे आणि मागचा तो थोरला, एका तालात मान डोलवायचे. देखावा दृष्ट लागण्यासारखा होता. फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

आला एकच, ट्रकांच्या ताफ्याचा मालक. त्यानं थोरल्याच्या मानेतली स्प्रिंग बोटानं दाबली आणि विचारलं, "पाच टन घेईल?" भाऊंची मान हलली. "दहा?" ती पुन्हा हलली. वहिनी पाण्याची बाटली भरून परत आल्या तेव्हा तो मालक ट्रकखाली घालायला कुत्र्यांची ऑर्डर देण्याच्या बेतात होता. वहिनींनी त्याला खरं काय ते सांगितलं. तो जाताना भाऊंकडे असा बघून गेला, की भाऊंनी टेबलावरचे कुत्रे उगाचच पुन्हा एकदा पुसले.

दुपारी साडू आला. त्याचा स्टॉल हॉल एकमध्ये, दारातच, लाल गालिचावर. त्यानं ट्रकच्या पाट्यांकडे बघितलं, कुत्र्यांकडे बघितलं आणि पोट धरून हसला. मग भाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काउंटरच्या खुर्चीला नवीन गादी टाकून घेतलीये." टेबलावरचे सगळे कुत्रे हो म्हणाले. भाऊ जमिनीकडे बघत राहिले. मान खाली घातली की निदान हलत तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. शेजारचा पाटेवाला मॅनेजर एका बड्या खरेदीदाराशी भाव करत बसला होता. खरेदीदार म्हणाला, थोडं कमी करा. मॅनेजर म्हणाला, अजिबात जमणार नाही. खरेदीदारानं त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाला, "पण तुमचे मोठे साहेब तर हो म्हणतायत." मॅनेजरनं वळून बघितलं. भुवया, छाती, आणि अखंड होकार. असं एकदा नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाशी होऊ लागलं. शॉकअपवाल्याच्या गिऱ्हाइकांनी तर भाव करायला कुत्रा दिसेल अशाच खुर्च्या मागून घेतल्या.

प्रदर्शनाचे सचिव धावत आले. हा गृहस्थ काटकुळा, कपाळावर कायम घाम. त्याला एकच रोग होता, रिकाम्या खुर्च्यांचा. बाहेर एवढी गर्दी, पण आत भाषणांच्या खोलीत वक्ता, माइक आणि पाण्याचा पेला एवढेच हजर असायचे. सचिवांनी हुकूम सोडला, की थोरला कुत्रा ताबडतोब हलवा. कुठं, ते त्यांनाही सांगता येईना. गोदाम भरलेलं होतं. तेव्हा त्याच हॉलच्या मागे पडदे लावून केलेल्या भाषणांच्या खोलीत त्याला नेऊन पहिल्या रांगेत बसवला. बसवला म्हणजे काय, तो बसलेलाच होता, फक्त खुर्ची काढून घेतली.

खोलीत पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून अंधार. आणि जमीन तिथंही थरथरत होती.

वंगणतेलातले एक बुजुर्ग तज्ज्ञ बोलायला उभे राहिले. सवयीनं त्यांनी पहिली पाचदहा वाक्यं खाली बघूनच वाचली. मग वर बघितलं, तर पहिल्या रांगेतले एक भारदस्त गृहस्थ शब्दाशब्दाला मान डोलावत होते. तज्ज्ञांचा आवाज चढला. त्यांनी कागद बाजूला ठेवला. तेल का आटतं, घट्ट का होतं, माणसं ते बदलायला का विसरतात, असं पोटातलं सगळं बोलले आणि वेळ संपल्याची घंटा झाल्यावरही बोलले. दिवे लागले तेव्हा ते हात मिळवायला खाली उतरले. सचिवांचा जीव टांगणीला लागला. तज्ज्ञांनी पुढे केलेला हात कुत्र्याच्या पंजावर ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "घरीसुद्धा इतकं कोणी ऐकून घेत नाही."

संध्याकाळपर्यंत हॉर्नवाले, आरसेवाले, टायरवाले, सगळ्या वक्त्यांनी सचिवांना गाठून एकच विचारलं, माझ्या भाषणाला ते पहिल्या रांगेतले असतील ना? सचिवांच्या कपाळावरचा घाम पहिल्यांदा वाळला. भाऊ हरखले. वहिनींनी मात्र नाक मुरडलं. कौतुक झालं, पण ऑर्डर कुठाय? प्रदर्शनाचा एकच दिवस उरला होता, आणि पुढे एक तारीख जबडा वासून बसली होती.

शेवटच्या दिवशी साडूचं भाषण. विषय, 'बॅटरी आणि विश्वास'. पहिल्या रांगेतल्या श्रोत्याची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती, पण एका कुत्र्यावर भागवणारा तो माणूस नव्हता. त्यानं दुकानातली सगळी माणसं, सगळे नातेवाईक आणि ताई अशी खोली गच्च भरली. तो सुरू व्हायच्या आधी वहिनी पहिल्या रांगेत जाऊन वाकल्या. कुत्र्याच्या अंगावरची धूळ झटकते म्हणाल्या. आता बाईमाणूस धूळ झटकताना पर्स कशाला उघडेल, हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडला नाही. आपल्यालाही पडायचं कारण नाही.

साडू उभा राहिला. दिवे गेले. बाहेर हॉलमधलं यंत्र सुरू झालं, जमीन थरथरली.

"आमची बॅटरी," साडू म्हणाला, "उन्हाळ्यात फुगत नाही."

कुत्र्यानं मान हलवली. आडवी.

मागून कोणीतरी खुसखुसलं. साडूनं घसा खाकरला आणि सांगितलं, की एक फोन करा, आमचा माणूस तासाभरात तुमच्या दारात. कुत्रा नाही म्हणाला. साडू म्हणाला, गॅरंटीच्या बॅटरीला आम्ही कधी मागेपुढे बघत नाही. कुत्रा तर इतका जोरात नाही म्हणाला, की त्याचा गळपट्टा सरकला. खोलीत हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसत होती साडूच्याच दुकानातली माणसं. बिचाऱ्यांना इतक्या वर्षांत मन मोकळं करायला जागा मिळाली नव्हती. ताईनं तोंडाला रुमाल लावला होता, पण खांदे लपवायला रुमाल पुरत नाही.

साडू लालबुंद झाला. आणि अडचणीत सापडलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकललं.

"हा कुत्रा बनवणारे माझे साडू इथंच बसलेत," तो म्हणाला. "कुत्रे आजपासून बंद. एक तारखेपासून ते माझ्या काउंटरवर बसणार आहेत. काय रे स्प्रिंग्या, कबूल केलंयस ना? उभा राहा आणि सांग सगळ्यांना."

दिवे लागले. अख्खी खोली वळली. भाऊ उठले. मान आपल्या जुन्या रस्त्याला लागली होती, हनुवटी छातीकडे निघालेली त्यांना स्वतःलाच दिसत होती. अर्ध्या वाटेत मानेला मागून काहीतरी गार लागलं. लोखंडाचं, आणि ओळखीचं. मागच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या.

भाऊंची मान थांबली. कुठं जावं ते तिला क्षणभर समजेना. मग कुरकुरत, गंजलेल्या बिजागरीसारखी, ती डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. एकदा जमतंय म्हटल्यावर भाऊंना इतकी मजा वाटली, की ते थांबेचनात. समोर कुत्रा आणि इकडे भाऊ, दोघं एका तालात नाही म्हणत होते.

"नाही दादा," भाऊ म्हणाले. "ती गादी दुसऱ्या कोणाला तरी द्या."

साडू खाली बसला. टाळ्या कोणासाठी वाजल्या ते कुत्र्यालाच ठाऊक.

बाहेर सचिव वाटच बघत उभे होते. पुढच्या वर्षीच्या भाषणांसाठी त्यांना खोलीभर श्रोते हवे होते. माणसाएवढे, कोटटाय घातलेले, काही चष्म्याचे, काही टकलाचे, पुढच्या रांगेत दोन बायका. सगळ्यांच्या माना डोलत्या. अट एकच, नट प्रत्येकाचा घट्ट. वहिनींनी ऑर्डर तिथल्या तिथं लिहून घेतली आणि ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, शब्द म्हणजे शब्द, गादी मी परत करते. मग इकडेतिकडे बघून तिनं हळूच विचारलं, की घरात ठेवायला एखादा ढिल्या नटाचा मिळेल का.

परतताना धड टेम्पोत, डोकं स्कूटरवर. चौकात तोच हवालदार. त्यानं डोकी मोजली.

"पुन्हा तिघं. चूक मान्य आहे?"

कुत्र्यानं नाही म्हटलं. भाऊंनीही नाही म्हटलं. हवालदारानं वहिनींकडे बघितलं.

"यांचा आजच ढिला केलाय," वहिनी म्हणाल्या आणि पाना पर्समध्ये टाकला. "आता आवळणार नाही."

दंड झालाच. पण स्प्रिंगभाऊंनी तो आयुष्यात पहिल्यांदा मान आडवी हलवत भरला.